थोरल्या पातीचे देव: टायटन मंडळींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी ऑलिम्पस डोंगरावरच्या ग्रीक देवांबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की देवांचा राजा झ्यूस आणि कंपनीच्या आधी देवांची आणखी एक पिढी गादीवर होती आणि यांनी तिला खाली खेचलं. बास, बाकीचा लेख राहिला बाजूला आणि प्रश्न आले ते सगळे त्या एका ओळीवर! सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी एका दमात तेरा प्रश्न पाठवलेत त्यांचा एकेकच घेतलाय, रागावू नका.

आधी एवढंच सांगते की यातलं बरंचसं हेसिअड नावाच्या ग्रीक कवीकडून येतं. इ.स.पू. ७०० च्या आसपासचा माणूस, बिओशिया भागातल्या आस्क्रा गावचा शेतकरी. गावाबद्दल त्यानंच लिहून ठेवलंय की हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात असह्य आणि चांगलं म्हणाल तर कधीच नाही. या बाबाचं स्वतःच्या सख्ख्या भावाशी बापाच्या जमिनीच्या वाटणीवरून वाजलं होतं, निवाडा करणारे लाच खातात म्हणून तो कवितेतच बोटं मोडतो. देवांच्या घरातली भाऊबंदकी त्यानं एवढी रंगवून का सांगितली असेल याचा मला तरी फार विचार करावा लागत नाही.

नाशिकहून एक वाचक: गेम्समध्ये टायटन म्हणजे डोंगराएवढे, दगडाच्या अंगाचे, लाव्हा ओकणारे राक्षस दाखवतात. मूळ गोष्टीत पण तसेच आहेत का?

नाही हो. मूळ गोष्टीत ते चक्क देव आहेत, देवांसारखे दिसणारे, लग्नं करणारे, पोरंबाळं असणारे. गैया म्हणजे पृथ्वी आणि युरेनस म्हणजे आकाश, या दोघांची बारा मुलं म्हणजे टायटन. सहा मुलगे, ओशनस, सीअस, क्रायस, हायपेरिऑन, आयापिटस आणि शेंडेफळ क्रोनोस, आणि सहा मुली, थिया, ऱ्हिया, थेमिस, नेमोसिनी, फीबी, टेथिस. पुढच्या एका ग्रीक लेखकानं तेरावी म्हणून डायोनी पण जोडलीय पण तो तपशील सोडून द्या.

गोंधळ होतो तो यांच्या भावंडांमुळे. याच आईबापांना आणखी सहा मुलं झाली, तीन सायक्लोप्स, कपाळावर एकच गोल डोळा असलेले, आणि तीन शंभर हातांचे, प्रत्येकाला वर पन्नास डोकी. अक्राळविक्राळ जे काय आहे ते हे. आणि मजा म्हणजे पुढे युद्ध झालं तेव्हा हे सहाही जण टायटनांच्या विरुद्ध, झ्यूसच्या बाजूनं होते! त्यात आणखी जायंट नावाची मंडळी वेगळीच, त्यांचं देवांशी युद्धही वेगळं आणि नंतरचं. बर्लिनमध्ये पर्गामोनची जी भलीमोठी वेदी आहे तिच्यावर कोरलंय ते जायंटांचं युद्ध, पण फोटोखाली लोक बिनधास्त ‘टायटन’ लिहून मोकळे होतात. गेमवाल्यांनी या सगळ्यांची मिसळ केली आणि टायटन म्हणजे अवाढव्य असं डोक्यात बसलं ते बसलंच.

पुण्याहून एका वाचक ताईंचा: टायटन म्हणजे ग्रीकांचे असुर, असं म्हटलं तर चालेल का?

अर्धं चालेल. आपल्याकडे देव आणि दैत्य हे सावत्र भाऊ, बाप एकच कश्यप, आया वेगळ्या, अदिती आणि दिती. म्हणजे पिढी एकच, आणि भांडण कायमचं, आज हा जिंकला उद्या तो. ग्रीकांकडे तसं नाही. तिथे टायटन म्हणजे वरची पिढी, आईबाप, काका, आत्या, मावश्या, आणि एकदा हरले ते हरले, पुन्हा वरचढ झाल्याची गोष्ट नाही. शिवाय दैत्य म्हटलं की यज्ञात विघ्न आणणं वगैरे आलंच, टायटनांवर असे आरोप नाहीत. उलट क्रोनोसच्या राज्यात माणसांचं सोन्याचं युग होतं, काबाडकष्ट नाहीत, म्हातारपण नाही, जमीन आपणहून पीक देते, हे हेसिअडच सांगतो. पोरं गिळणारा बाप आणि रामराज्य चालवणारा राजा हा एकच माणूस, आणि हे कसं जमायचं याचा खुलासा करायच्या भानगडीत तो पडत नाही.

पण उरलेलं अर्धं फार भारी आहे. अमरकोशात असुरांची नावं दिलीयत ती ओळ पाठ असेल काहींना, ‘शुक्रशिष्या दितिसुताः पूर्वदेवाः सुरद्विषः’. त्यातला पूर्वदेव शब्द बघा. आधीचे देव! हेसिअड टायटनांना जे म्हणतो ते नेमकं हेच, आधीचे देव, आणि क्रोनोस हा ‘आधीच्या देवांचा राजा’. आणि आजच्या तुर्कस्तानात ज्यांचं राज्य होतं ते हित्ती लोक, त्यांच्याकडेही जमिनीखाली ढकललेल्या देवांचा एक गट होता, त्याचं नाव काय तर ‘आधीचे देव’. तीन भाषा, तीन ठिकाणं आणि शब्द तोच. म्हणून मला विचाराल तर टायटनांचं मराठी राक्षस नाही, असुर पण नाही, पूर्वदेव करावं.

ठाण्याहून: क्रोनोस म्हणजे काळाचा देव ना? क्रोनोलॉजी, क्रोनोमीटर हे शब्द त्याच्यावरूनच आलेत असं वाचलं.

इथे आपली देवनागरी मदतीला येते बघा. टायटनांचा राजा आहे क्रोनोस, क वाला. काळाला ग्रीकमध्ये म्हणतात ख्रोनोस, ख वाला. प्राचीन ग्रीकमध्ये ही दोन वेगळी अक्षरं आणि दोन वेगळे उच्चार होते, जसे आपले क आणि ख. रोमन लिपीत आले की एका एचचा फरक उरतो आणि तो बोलताना गळतो, म्हणून सगळा घोळ. क्रोनोलॉजीतला क्रोनो हा मुळात ख्रोनो आहे.

अर्थात हा घोळ आजचा नाही. खुद्द ग्रीकच हा शब्दांचा खेळ करायचे, की काळ आपल्याच लेकरांना गिळतो म्हणून क्रोनोस म्हणजेच काळ. प्लुटार्कनं हे नोंदवलंय, रोममध्ये सिसेरोनं पण. ऐकायला इतकं छान की खरंच वाटावं. पुढे क्रोनोसच्या हातातला विळाही त्या ‘काळबाबा’च्या चित्रात गेला, पांढरी दाढी, हातात लांब दांड्याचा विळा, तो.

आता क्रोनोसचा आपल्याशी असलेला खरा संबंध सांगते, मला हा फार आवडतो. रोमन लोकांनी क्रोनोस म्हणजेच आपला सॅटर्न असं धरलं आणि ग्रीक ज्योतिषी शनी ग्रहाला ‘क्रोनोसचा तारा’ म्हणायचे. हे ज्योतिष भारतात आलं तेव्हा नावंही आली, आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहज्जातकात ग्रहांचे पर्यायी शब्द दिलेत त्यात सूर्याला ‘हेलि’ आणि शनीला ‘कोण’ म्हटलंय. हेलि म्हणजे हेलिओस, कोण म्हणजे क्रोनोस! ग्रहांवरून वार मोजायची पद्धतही त्याच वाटेनं आली, मध्य प्रदेशात एरणला बुधगुप्ताच्या काळातला स्तंभ आहे, इ.स. ४८४ चा, त्यावर गुरुवार आलाय. फक्त नाती पार बदलली. ग्रीकांकडे हेलिओस हा हायपेरिऑनचा मुलगा, म्हणजे क्रोनोस त्याचा काका लागतो. आपल्याकडे शनी सूर्याचा मुलगा. तिकडचा काका इकडे येऊन मुलगा झाला, आणि तोही बापाशी न पटणारा.

कोल्हापूरहून: क्रोनोसनं मुलं खाल्ली तर ती नंतर जिवंत कशी बाहेर आली? आणि ही आपल्या कंसाचीच गोष्ट नाही का?

खाल्ली नाहीत, गिळली. हेसिअडनं वापरलेला शब्द घटाघट पिण्याचा आहे. बहुतेकांच्या डोळ्यासमोर येतं ते स्पेनच्या गोयाचं चित्र, १८२० ते १८२३ च्या दरम्यान त्यानं स्वतःच्या घराच्या भिंतीवर रंगवलेलं, आता माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहे, त्यात डोळे फाडलेला म्हातारा एका माणसाचे लचके तोडतोय, डोकं आधीच गेलंय. ते बघून झोप उडते हे खरं, पण गोयानं त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं, ते नंतर इतरांनी चिकटवलं. आता याच्यासमोर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं एक ग्रीक मातीचं भांडं ठेवा, इ.स.पू. पाचव्या शतकातलं. त्यावर ऱ्हिया दुपट्यात गुंडाळलेला दगड पुढे करतेय आणि समोर क्रोनोस उभा आहे. रक्त नाही, दात नाहीत. बायको बाळ दाखवायला घेऊन आलीय असंच वाटतं, आणि मला तेच चित्र जास्त भीतीदायक वाटतं, प्रत्येकाची आवड.

गोष्ट अशी. मुळात क्रोनोसनं आपल्या बापाचं, युरेनसचं काय केलं ते आठवा. युरेनस पोरांना जन्मू देईना, परत गैयाच्याच पोटात दडपून ठेवायचा, तिला ते सोसवेना. तिनं करड्या, कशानंही न झिजणाऱ्या धातूचा विळा घडवला, दातेरी विळा हं, भात कापायला घेतो तसा, आणि पोरांना विचारलं की कोण करणार. सगळे गप्प. शेंडेफळ म्हणालं मी करतो. रात्री आकाश पृथ्वीवर उतरलं तेव्हा दडून बसलेल्या क्रोनोसनं डाव्या हातानं बापाला धरलं, उजव्या हातातल्या विळ्यानं त्याचं पुरुषत्वच कापलं आणि मागे न बघता फेकून दिलं. रक्ताचे थेंब जमिनीवर पडले त्यातून सूड घेणाऱ्या एरिनीज आणि वर म्हटले ते जायंट जन्मले, आणि समुद्रात पडलं त्याच्या फेसातून कोण, तर ॲफ्रोडाइटी, प्रेमाची देवी. आता यावर काय बोलणार!

तर असा गादीवर आलेला माणूस स्वतःच्या पोरांना घाबरणारच, त्यात आईबापांनीच सांगून ठेवलेलं की तुझाही मुलगा तुला खाली खेचेल. ऱ्हिया त्याची बहीण आणि बायको. हेस्टिया, डिमिटर, हेरा, हेडीस, पोसायडन, एकामागून एक पाच गिळली. सहाव्या वेळी ऱ्हिया बाळंतपणाला क्रीट बेटावर गेली, झ्यूसला तिथे गुहेत लपवलं आणि नवऱ्याच्या हातात दुपट्यातला दगड दिला. त्यानं न बघताच गिळला. बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून क्युरेटीस नावाचे तरुण गुहेबाहेर ढालींवर भाले आपटत नाचायचे, हे नंतरच्या कथांमधलं. पण क्रीटच्या इडा डोंगरातल्या गुहेत १८८५ मध्ये खणलं तेव्हा आत खरंच नवसाच्या ब्राँझच्या ढाली सापडल्या.

कंसाशी साम्य आहेच, भाकीत, घाबरलेला राजा, एकामागून एक मारलेली मुलं, दूर गुपचूप वाढवलेलं बाळ, बदली देऊन केलेली फसवणूक. पण कंस मामा आहे हो, बाप नाही, आणि हा फरक लहान नाही. कंसाची गोष्ट सांगताना आपल्याला देवकी-वसुदेव दोघेही चांगले ठेवता येतात. ग्रीकांनी तो आडोसा ठेवला नाही, घरातच, आईविरुद्ध बाप, बापाविरुद्ध मुलगा. एकानं दुसऱ्याकडून उचललं का, तर भाकिताला घाबरलेल्या राजाच्या गोष्टी जगात ढीगभर आहेत, उगाच धागे जोडू नका.

आणि बाहेर कशी आली, तर मोठा झाल्यावर झ्यूसनं बापाला ओकायला लावलं. एका कथेत मेटिस नावाच्या ओशनसच्या मुलीनं औषध पाजलं. शेवटी गिळलेला दगड आधी बाहेर आला, मग पोसायडन, अशी उलटी रांग. त्यामुळे जन्मानं सगळ्यात धाकटा झ्यूस आता हिशोबानं थोरला ठरला, आणि पहिली जन्मलेली हेस्टिया सगळ्यात शेवटी आली म्हणून एका जुन्या स्तोत्रात तिला थोरलीही म्हटलंय आणि धाकटीही.

सोलापूरहून: ॲटलस पृथ्वी डोक्यावर घेऊन का उभा आहे?

पृथ्वी नाही, आकाश. युद्धात हरल्यावर त्याला ती शिक्षा झाली, जगाच्या पश्चिम टोकाला उभं राहून आकाश तोलून धरायचं. गैरसमज झाला तो पुतळ्यांमुळे, नेपल्सच्या म्युझियममधला प्रसिद्ध पुतळा खांद्यावर गोळा घेतलेला आहे, पण जवळून बघितलं तर त्या गोळ्यावर नक्षत्रं कोरलीयत. तो खगोल आहे, पृथ्वीचा गोल नाही. ॲटलस हा बारांपैकी नाही, आयापिटसचा मुलगा. प्रोमिथ्यूस त्याचा भाऊ, माणसांना आग आणून देणारा, त्यालाही सगळे टायटनच म्हणतात, आडनाव लागतं तसं.

नागपूरहून एका ज्योतिषप्रेमी काकांचा: युरेनस म्हणजेच आपला वेदातला वरुण, बरोबर ना?

काका, एकोणिसाव्या शतकात मोठमोठे पंडित हेच म्हणायचे, आणि ऐकायला जुळतं पण. पण भाषाशास्त्रात ते टिकलं नाही, ध्वनी नियमानं जुळत नाहीत. आज ग्रीक नावाचं मूळ ‘पाऊस पाडणारा’ असं धरण्याकडे कल आहे, म्हणजे नातं लावायचंच तर आपल्या ‘वर्षा’शी लागतं, वरुणाशी नाही. खरी पक्की नाती वेगळीच आहेत. झ्यूस आणि द्यौः एकच शब्द. टायटन हायपेरिऑनची मुलगी इऑस, पहाटेची देवी, ती म्हणजे आपली उषस्. हेलिओस आणि सूर्य यांचंही मूळ एक. गंमत अशी की झ्यूसच्या नावाचा अर्थही आकाश, आणि त्याच्या आजोबांच्या नावाचा अर्थही आकाश, म्हणजे नातवानं आजोबांचं खातंच घेतलं.

तुमच्या कुंडलीतला हर्षल मात्र माणसाचं नाव आहे. विल्यम हर्शेलनं १३ मार्च १७८१ ला तो ग्रह शोधला. त्याला इंग्लंडच्या राजाचं नाव द्यायचं होतं, जर्मन खगोलशास्त्रज्ञ बोडे म्हणाला की गुरूच्या पलीकडे त्याचा बाप शनी आहे, तर शनीच्या पलीकडे शनीचा बाप हवा, म्हणून युरेनस. जगानं ते घेतलं आणि मराठी पंचांगात हर्षलच राहिला. पुढे हर्शेलच्या मुलानं, जॉननं, १८४७ मध्ये शनीच्या चंद्रांना नावं दिली ती शनीच्या भावंडांची, टेथिस, ऱ्हिया, आयापिटस, आणि सगळ्यात मोठा तो टायटन. त्या टायटनवर २००५ मध्ये १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, हायगेन्स नावाचं यान उतरलं होतं.

आणखी एक, क्लाप्रोट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १७८९ मध्ये एका मूलद्रव्याला त्या नव्या ग्रहावरून युरेनियम म्हटलं आणि १७९५ मध्ये दुसऱ्याला टायटॅनियम. बापाचं झालं, मग मुलांचं. रत्नागिरीकडे मालगुंड, काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळपट वाळू दिसते ना, त्यात इल्मेनाइट असतं, ते टायटॅनियमचंच खनिज.

साताऱ्याहून: युद्धानंतर सगळे टायटन पाताळात गेले का? बायका पण?

हा प्रश्न फक्त एकीनंच विचारला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

युद्ध दहा वर्षं चाललं. टायटन ओथ्रिस डोंगरावर, झ्यूसची टीम समोर ऑलिम्पसवर, मध्ये थेसलीचं मैदान. निकाल लागेना. मग गैयाच्या सल्ल्यानं झ्यूसनं त्या शंभर हातवाल्या तिघांना कैदेतून सोडवलं, खाऊपिऊ घातलं, आणि मग त्यांनी एकदम ३०० दगड भिरकावले. सूर्य झाकून जाईल असा मारा. हरलेल्यांना टार्टारसमध्ये टाकलं. ते किती खोल, तर ब्राँझची ऐरण आकाशातून सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी जमिनीवर पोचेल, आणि जमिनीवरून सोडली तर आणखी तेवढेच दिवस लागून टार्टारसला. शाळेतलं फिजिक्स लावू नका. भोवती ब्राँझचं कुंपण, तीन पदरी रात्र, दारं पोसायडननं बसवलेली.

पण आत नक्की कोण कोण गेलं याची यादी हेसिअड देतच नाही. ‘इलियड’चा कवी होमर दोन नावं घेतो, आयापिटस आणि क्रोनोस, जिथे ऊन नाही, वारा नाही, तिथे बसून राहिलेले. ओशनस तर गेलाच नाही. हुशार माणूस, त्यानं उलट आपल्या मुलीला, स्टिक्सला, सांगितलं की तू पोरांना घेऊन झ्यूसकडे जा, आणि ती सगळ्यात आधी जाऊन उभी राहिली. तिची मुलं कोण, तर विजय, ताकद, जबरदस्ती आणि ईर्षा. ही चौघं ज्याच्या दारात, तो जिंकणार नाही तर काय. बक्षीस म्हणून पुढे सगळे देव शपथ घ्यायचे ती स्टिक्सच्या पाण्याची, कारण स्टिक्स ही पाताळातली नदी पण आहे.

आणि बायका? एकही गेली नाही. थेमिस, म्हणजे रीतभात, न्याय, ती झ्यूसची दुसरी बायको झाली, ऋतू आणि नशिबाच्या देवी या तिच्या मुली. नेमोसिनी म्हणजे स्मृती, तिच्याजवळ झ्यूस नऊ रात्री राहिला आणि नऊ म्यूझ जन्मल्या, ज्या कवीला गाणं देतात. म्हणजे बघा, हेसिअडला ही जेत्यांची पोथी सांगितली कुणी, तर हरलेल्या घराण्यातल्या लेकींनी. ऱ्हिया सासू म्हणून राहिली, डिमिटर रुसून बसली तेव्हा समजूत घालायला झ्यूसनं आईलाच पाठवलं होतं. आणि फीबी! डेल्फीचं जे प्रसिद्ध देवस्थान, ते पहिल्यांदा गैयाचं, मग थेमिसचं, मग फीबीचं, आणि फीबीनं ते अपोलोला दिलं, त्याच्या जन्माची भेट म्हणून. अपोलो हा तिच्या मुलीचा, लेटोचा मुलगा. आजीनं नातवाच्या बारशाला डेल्फी देऊन टाकलं! हे इ.स.पू. ४५८ मधल्या एस्किलसच्या नाटकाच्या सुरुवातीलाच येतं. नंतर बाकीचे सांगतात की अपोलोनं ते लढून मिळवलं, अजगर मारून, पण मला आजीचंच पटतं.

म्हणून टायटन ‘नष्ट झाले’ असं कुणी लिहिलं की मला चीड येते. सूर्य, चंद्र, पहाट त्यांचीच मुलं, नद्या त्यांच्याच, न्याय आणि आठवणही त्यांच्याच. खुर्ची बदलली, ऑफिस तेच राहिलं. झ्यूस आणि त्याच्या दोन भावांनी चिठ्ठ्या टाकून आकाश, समुद्र आणि पाताळ वाटून घेतलं, तरी पृथ्वी आणि ऑलिम्पस सामाईक ठेवले, होमरमध्ये पोसायडन चिडून हेच बोलून दाखवतो, की माझाही हिस्सा आहे, थोरल्यानं दादागिरी करू नये. सातबारा असता तर तोही काढून दाखवला असता.

मुंबईहून कॉलेजातला एक वाचक: आजोबांना मुलानं पाडलं, त्याला त्याच्या मुलानं पाडलं. मग झ्यूसला का नाही कुणी पाडलं?

कारण तो आधीच्या दोघांच्या चुका बघून शिकला. युरेनसनं पोरं आईच्या पोटात दाबली, आई मोकळी राहिली, तिनं विळा घडवला. क्रोनोसनं पोरं स्वतःच्या पोटात घेतली, आई मोकळीच, तिनं दगड दिला. झ्यूसची पहिली बायको मेटिस, तीच औषधवाली. भाकीत आलं की हिला आधी मुलगी होईल, मग एक मुलगा, तो राजा होईल. झ्यूसनं पोरं होण्याची वाटच बघितली नाही, बायकोलाच गिळलं. कट करणारी आईच आता पोटात! तिथून ती त्याला अक्कल देत राहिली म्हणे. मुलगी तेवढी झाली, अथीना, बापाच्या डोक्यातून, आणि तो मुलगा जन्मलाच नाही.

हा सल्ला दिला कुणी माहितीये? गैयानं आणि युरेनसनं. आजी-आजोबांनी! गैयाचं मला कधी पूर्ण कळत नाही, विळा तिचा, दगडाची आयडिया तिची, शंभर हातवाले सोडवा हे तिचं, आणि झ्यूस जिंकल्यावर त्याच्याविरुद्ध टायफॉन नावाचं भयंकर पोर काढणारी पण तीच. नंतर थेटिस या समुद्रदेवीच्या बाबतीतही असंच भाकीत आलं, की हिचा मुलगा बापापेक्षा मोठा होईल, तेव्हा देवांनी तिचं लग्न पेलिअस नावाच्या माणसाशी लावून दिलं. त्यांचा मुलगा अकिलीस.

पनवेलहून: ही गोष्ट ग्रीकांचीच आहे का, की बाहेरून आली?

बऱ्यापैकी बाहेरून. तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्तींची राजधानी हत्तुशा खणायला १९०६ मध्ये सुरुवात झाली, तिथे मातीच्या पाट्यांचा खजिनाच निघाला, आणि त्यातली एक गोष्ट हेसिअडच्या निदान ५०० वर्षं आधीची. अलालूला अनूनं हटवलं, अनू म्हणजे आकाश, अनूला कुमार्बीनं हटवलं, तेही त्याचं पुरुषत्व दातांनी तोडून आणि गिळून, आणि त्यातून कुमार्बीच्याच पोटात वादळाचा देव तेशुब वाढला. दुसऱ्या एका गोष्टीत आकाश आणि पृथ्वी ज्यानं कापून वेगळी केली ते तांब्याचं हत्यार देव जुन्या भांडारातून बाहेर काढतात. क्रोनोसचा विळा आठवला ना? व्यापाऱ्यांबरोबर, गाणाऱ्यांबरोबर गोष्ट पश्चिमेला गेली असणार. पण ऱ्हियाचा कावा, हेस्टियाचं उलटं वय, आजीची भेट, हे घरगुतीपण ग्रीकांनी घातलं.

शेवटचा, डोंबिवलीहून: दिवाळीनंतर ग्रीसला जातोय. टायटनांचं काही बघायला मिळेल का?

देवळं म्हणाल तर फार नाहीत. अथेन्समध्ये झ्यूसच्या मोठ्या देवळाच्या आवारात क्रोनोस आणि ऱ्हियाचं देऊळ होतं असं दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस लिहितो, आणि तिथे उन्हाळ्यात सुगीनंतर क्रोनिया नावाचा सण व्हायचा, त्यात मालक आणि गुलाम एका पंगतीला बसायचे, सोन्याच्या युगाची एक दिवसाची आठवण.

डेल्फीला जा. क्रोनोसनं ओकलेला तो दगड झ्यूसनं तिथे नेऊन ठेवला, आणि पॉसेनिअसनं तो पाहिला होता, फार मोठा नाही म्हणतो, रोज त्याच्यावर तेल ओतायचे आणि सणाला न कातलेली लोकर वाहायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, शनीचा दगड आणि त्यावर तेल! शिंगणापूर काही वेगळं असतं का? योगायोगच आहे हा, दगडाला तेल लावणं बऱ्याच ठिकाणी होतं, पण डोक्यातून जात नाही. तो दगड आज तिथे मिळणार नाही. म्युझियममध्ये जो कोरीव, शंकूसारखा दगड दिसेल तो ‘पृथ्वीची बेंबी’, तो वेगळा.

आणि ऑलिम्पियाला झ्यूसच्या देवळाचे पडलेले खांब बघून झाले की उत्तरेला मान वर करा, पाइनची झाडं असलेली एक छोटी टेकडी दिसेल. ती क्रोनिओन, क्रोनोसची टेकडी. वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा तिच्या माथ्यावर पुजारी क्रोनोसला बळी द्यायचे. २००७ च्या वणव्यात ती जळाली होती, नंतर परत झाडं लावलीयत. खाली तिच्या पायथ्यालाच स्टेडियम आहे, तिथे पळायच्या शर्यतीची दगडी रेघ अजून आहे, सगळे तिच्यावर उभे राहून फोटो काढतात, तुम्ही पण काढाल, फक्त फ्रेममध्ये मागची टेकडी येऊ द्या.